विश्लेषण : समुद्री कुळातला जीव सह्याद्रीच्या डोहात कसा? हा प्रश्न जगापुढे आणणारे शंकर आघारकर कोण होते?

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची. पाटी वाचून अनेकांना वाटते, की रंगवणाऱ्याने ‘ग’चा ‘घ’ केला. इंजिनीअरिंगची चार वर्षे या रस्त्यावरून जाताना मलाही तसेच वाटायचे. प्रत्यक्षात ही दोन वेगळी माणसे आहेत. त्यातल्या दुसऱ्याने वयाच्या सव्विसाव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका नदीत असा जीव शोधला, जो तोपर्यंत फक्त आफ्रिकेत आहे असे जग मानत होते. हे शंकर पुरुषोत्तम आघारकर कोण, त्यांना काय सापडले आणि त्याचा भोर-वेल्ह्याच्या नद्यांशी, इतकेच काय समुद्रातल्या नळीवाल्या किड्यांशी काय संबंध, हे समजून घेऊ.

आगरकर आणि आघारकर यांत फरक काय?

‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६चा, कराडजवळच्या टेंभूचा. १८९५ मध्ये ते गेले, तेव्हा शंकर आघारकर दहा वर्षांचे होते. आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. शालेय शिक्षण धारवाडला आणि पुढचे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १९०९ मध्ये एम.ए. झाल्यावर ते त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी जीवशास्त्राचा अध्यापक म्हणजे झाडेही त्याची आणि प्राणीही त्याचेच. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, पण त्यांचे नाव जगापुढे पहिल्यांदा आले ते एका प्राण्यामुळे.

भोर-वेल्ह्याचा इथे काय संबंध?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. वेल्ह्यातली कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला. भोरची वेळवंडी भाटघरपाशी अडवली आहे, तिचेही पाणी नीरेतच येते. नीरा नरसिंगपूरला भीमेत आणि भीमा पुढे कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत जाते. आता भोर तालुक्यातल्या रायरेश्वराच्या पठारावर उभे राहून दक्षिणेकडे पाहा. पलीकडे वाईचे, म्हणजे खुद्द कृष्णेचे खोरे. त्याच्याही पलीकडे पाचगणी-महाबळेश्वरची रांग ओलांडली की वेण्णेचे खोरे आणि त्यात जावळी तालुक्याचे ठिकाण मेढा. भोर ते मेढा हे अंतर सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास भरते. दगड तोच काळा बेसॉल्ट, पाऊस तसाच, आणि पाणी शेवटी एकाच नदीत जाणारे. १९११ मध्ये भोर पंतसचिवांचे संस्थान होते आणि मेढा इंग्रजी मुलखात, पण या सीमा नद्यांना ठाऊक नव्हत्या.

या पट्ट्यातल्या नद्यांचे वागणे भोरकरांना आणि वेल्हेकरांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये पूल बुडवणारे पाणी मार्चपासून तुटू लागते आणि एप्रिल-मेमध्ये नदी म्हणजे खडकांमधल्या डोहांची माळ उरते. गुरे पाण्यावर येतात ती याच डोहांवर. आघारकरांना जे सापडले, तेही उन्हाळ्यातल्या अशाच पाण्यात.

मेढ्याला नेमके काय सापडले?

जेलीफिश. नावात फिश असली तरी हा मासा नाही. पारदर्शक, छत्रीसारखा, कडेला बारीक तंतूंची झालर असलेला हा जीव आकसत-फुलत पोहतो. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत पडलेली जेलीफिश आपण पाहिलेली असते. पण वेण्णेत दिसली ती नाण्याएवढी होती आणि पाणी चक्क गोडे होते. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आणि कित्येक शे मीटर खाली.

मालवणला जन्मलेल्या माणसाला समुद्रातली जेलीफिश नवी नसणार. गोड्या पाण्यात ती पाहून हा काय प्रकार आहे हे त्यांना लगेच कळले असणार, असे मला वाटते. एखाद्या घाटावरच्या माणसाने कदाचित पाण्यातला बुडबुडा म्हणून सोडून दिले असते.

नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनंडेल यांच्यापर्यंत पोहोचले. हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. भारताच्या गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रा आणि त्यांच्या जवळपासचे जीव यांवरचा त्यांचा ग्रंथ १९११ मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे या विषयात त्या वेळी देशात त्यांच्याइतका जाणकार माणूस नव्हता. त्यांनी तपासले आणि जीव लिम्नोक्निडा या प्रजातीतला ठरवला. भारतातला म्हणून नाव ठेवले लिम्नोक्निडा इंडिका. ‘नेचर’ या नियतकालिकातून बातमी जगभर गेली.

काम तिथे थांबले नाही. म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांनी मिळून हा जीव कुठे कुठे आढळतो आणि कसा वागतो याची नोंद १९१२ मध्ये छापली. वेण्णेप्रमाणे कोयनेच्या खोऱ्यातही तो मिळाला. शोध लावून फोटो काढून मोकळे होण्याची ती पद्धत नव्हती. अर्थात तेव्हा डोहाकाठी फोटो काढणे हेही सोपे नव्हतेच.

यात जगाने दखल घेण्यासारखे काय होते?

यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एका हौदात छोट्या जेलीफिश दिसल्या. हौदात ॲमेझॉनची ती प्रचंड पानांची कमळवेल वाढवत होते. समुद्रापासून दूर, कोमट गोड्या पाण्यात. या जातीला आज क्रास्पेडाकस्टा सोवर्बी म्हणतात आणि तिचे मूळ चीनच्या यांगत्से खोऱ्यात मानले जाते. पाणवनस्पतींबरोबर ती जगभर पसरली. तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, पूर्व आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरात रिचर्ड ब्योम या जर्मन प्रवाशाला वेगळी जेलीफिश दिसली. हीच लिम्नोक्निडा.

टांगानिकात समुद्री वळणाचे शंख-शिंपलेही मिळत होते. त्यावरून जे. ई. एस. मूर या इंग्रज संशोधकाने मांडणी केली, की हे सरोवर म्हणजे एका प्राचीन समुद्राचा अडकून पडलेला तुकडा आहे. १९०३ मध्ये त्यांनी त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. मांडणी आकर्षक होती. पण पुढे तीच जेलीफिश व्हिक्टोरिया सरोवरात आणि पश्चिमेला नायजर नदीत मिळाली, आणि समुद्राच्या तुकड्याची गोष्ट डळमळू लागली. अशा वेळी मुंबईचा एक तरुण अध्यापक सांगतो, की हाच प्राणी आमच्याकडे साताऱ्याच्या नदीत आहे. वेण्णा हा काही अडकलेल्या समुद्राचा तुकडा नव्हे. दर पावसाळ्यात खळाळून वाहून जाणारी ती डोंगरी नदी आहे.

मग आफ्रिका आणि सह्याद्री यांच्यात हा जीव वाटला कसा गेला? भारत आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते, हे पहिले उत्तर. योगायोग असा, की आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा विचार जाहीरपणे मांडला तोही १९१२ मध्येच. पण हे उत्तर जसेच्या तसे घेता येत नाही. भोर, वेल्हे, जावळी हा सगळा मुलूख सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर आहे. भारत आफ्रिकेपासून सुटला तो त्याच्या कितीतरी आधी. लाव्हा ओतला जात असताना त्याखालच्या जुन्या नद्या, त्यातल्या जिवांसकट, गाडल्या गेल्या. म्हणजे आजच्या वेण्णेत किंवा नीरेत जे काही आहे ते लाव्हा थंड झाल्यानंतर, दुसरीकडून आलेले आहे. लिम्नोक्निडाचे पूर्वज भारतीय भूखंडाबरोबर आले असतील तरी ते लाव्ह्याबाहेरच्या पाण्यात टिकून राहिले असणार आणि मागाहून इकडे सरकले असणार.

दुसरे उत्तर प्रवासाचे. जेलीफिश ही या प्राण्याची अर्धीच अवस्था. उरलेल्या अर्ध्या आयुष्यात तो पॉलिप असतो, म्हणजे दगडाला किंवा काडीला चिकटलेला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका. क्रास्पेडाकस्टाचे पॉलिप कोरड्या आणि थंड दिवसांत कवचात मिटून पडतात. असा ठिपका पाणपक्ष्याच्या पायाला चिकटून किंवा रोपाबरोबर कुठेही जाऊ शकतो. गंमत म्हणजे १८८५च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या ओढ्यात एडवर्ड पॉट्स यांना हे पॉलिप मिळाले, तेव्हा तो वेगळाच प्राणी समजून त्याला वेगळे नाव दिले गेले. एकाच जिवाची दोन नावे अनेक वर्षे पुस्तकांत शेजारी शेजारी नांदली.

घर पाहून नाते ठरवायचे का? नळीवाल्या किड्यांची गोष्ट

इथे थोडे वळण घेऊ, कारण आघारकरांच्या शोधामागचा खरा मुद्दा याने चांगला कळतो. कुठे राहतो, कशात राहतो यावरून प्राण्याचे कुळ ठरवायचे की शरीरावरून?

मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडकांवर, जुन्या शिंपल्यांवर, होडीच्या बुडाला पांढऱ्या, वेड्यावाकड्या, चुनखडीच्या नळ्या चिकटलेल्या असतात. त्या आत राहणाऱ्या किड्यांनी स्वतः बांधलेल्या असतात. पाणी शांत असले की नळीच्या तोंडातून पिसाऱ्यासारखे कल्ले बाहेर येतात आणि सावली पडताच आत जातात. चुनखडीच्या नळीवाल्यांचे हे सर्प्युलिड कुळ. मऊ चिखल-चिकट्याची नळी करणारे सॅबेलिड. वाळूचा एकेक कण निवडून, चिकटवून घर बांधणारे सॅबेलेरिड, त्यांची घरे एकमेकांना लागून खडकासारखे थर तयार होतात. चर्मपत्रासारखी नळी करणारे वेगळेच, आणि शंखाचे तुकडे-काटक्या लावून नळी सजवणारे डायोपात्रा आणखी वेगळे.

अठराव्या शतकात लिनियसने सर्प्युला, दाताच्या आकाराचा डेंटॅलियम शंख आणि लाकूड पोखरणारा टेरेडो या तिघांनाही कवचवाल्या जिवांच्या एकाच गटात टाकले होते. कवच कडक आणि नळीसारखे, म्हणून नातेवाईक. नंतर आतले शरीर पाहिले गेले. टेरेडो निघाला शिंपल्यांच्या कुळातला, डेंटॅलियम मृदुकाय प्राण्यांच्या तिसऱ्याच शाखेतला आणि सर्प्युला थेट गांडुळाच्या बाजूचा. कुव्हिएने लाल रक्ताचे, वलयांच्या शरीराचे कृमी वेगळे काढले आणि लामार्कने १८०२ मध्ये त्यांना ॲनेलिडा हे नाव दिले. दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणात जो वलयी प्राण्यांचा संघ येतो, तो हा.

असा गोंधळ विसाव्या शतकातही झाला. खोल समुद्रात तोंड आणि आतडेच नसलेले नळीवाले किडे मिळाले. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळच्या समुद्रतळावर गरम झऱ्यांपाशी माणसापेक्षा लांब नळ्यांत राहणारे, लाल तुऱ्यांचे किडे दिसले. त्यांचे आतडे नसणे इतके विचित्र होते, की त्यांच्यासाठी स्वतंत्र संघ काढले गेले. शरीराची बारीक तपासणी आणि मग जनुके पाहिली तेव्हा ते वलयी प्राण्यांतलेच एक कुळ निघाले.

याउलट उदाहरण हवे असेल तर वेल्ह्याच्या कुठल्याही ओढ्यात जा. पाण्यातला दगड उलटा केला की वाळूचे कण चिकटवून केलेली छोटी घरे दिसतात. थेट सॅबेलेरिडसारखी कारागिरी. पण आत आहे कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी. तिचे नाते फुलपाखरांशी. डोहाच्या तळाच्या चिखलात नळी करून राहणाऱ्या लाल अळ्या असतात, त्या चिलटासारख्या माश्यांच्या. घर तेच, घराणे वेगळे.

घराणे तेच आणि गाव वेगळे, असेही होते. सर्प्युलिड हे जवळजवळ पूर्णपणे समुद्री कुळ. पण बाल्कनमधल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या गुहांत, गोड्या पाण्यात, त्यातली एकच जात राहते. मारिफ्युजिया असे तिचे नाव. समुद्रातून पळून आलेली, असाच त्या शब्दाचा ध्वनी आहे. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या काँ शहराच्या कालव्यात मिळालेल्या एका नळीवाल्या किड्याचे नाव तर फोव्हेल या तज्ज्ञाने कोडे या अर्थाच्या शब्दावरूनच ठेवले, कारण तो तिथे कुठून आला ते कळेना. जहाजांच्या बुडाला चिकटून तो बंदरोबंदरी फिरतो, हे नंतर लक्षात आले. वेण्णेतली जेलीफिश या रांगेत बसते. समुद्री घराण्यातली, डोंगरात राहणारी.

शोधानंतर आघारकर कुठे गेले?

जर्मनीत, आणि तिथे अडकले. त्या काळी कोलकाता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी विज्ञान महाविद्यालय उभारत होते. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून तिथे अध्यासने निघाली आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यासन आघारकरांना मिळाले. आधी परदेशात शिकून यायचे, अशी योजना होती. १९१४ मध्ये ते बर्लिनला पोहोचले आणि महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रूचे नागरिक. आघारकरांना काही काळ कैदेत काढावा लागला. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस यांचीही तीच अडचण झाली, तेही युद्ध संपेपर्यंत जर्मनीतच राहिले. एकाच देणगीतून निघालेले दोन प्राध्यापक एकाच शहरात अडकलेले, आणि इकडे कोलकात्यात त्यांच्या खुर्च्या रिकाम्या.

सुटका झाल्यावर आघारकरांनी वेळ वाया घालवला नाही. ॲडॉल्फ एंग्लर हे त्या काळचे वनस्पती वर्गीकरणातले मोठे नाव. त्यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. विषय पाहा : वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीतल्या वनस्पती पसरतात कशा आणि त्या मुळात आल्या कुठून. बी वाऱ्याने उडते, जनावराच्या अंगाला चिकटते, पाण्याने वाहते की पोटातून जाते, याचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून वाळवंटातल्या झाडांचे मूळ गाव शोधायचे. प्राणी सोडून ते झाडांकडे वळले, असे त्यांच्या चरित्रात सहसा लिहिले जाते. मला ते वळण वाटत नाही. मेढ्याच्या डोहाकाठी पडलेला प्रश्नच त्यांनी बर्लिनला नेला होता.

जलपर्णीचा संबंध काय?

युद्धानंतर परत येऊन आघारकर १९४६ पर्यंत कोलकात्यात शिकवत राहिले. राष्ट्रीय पातळीवरची विज्ञान अकादमी १९३५ मध्ये निघाली, तिच्या संस्थापक सदस्यांत ते होते. विभाग उभा करणे, विद्यार्थी घडवणे, संस्था चालवणे यात त्यांची वर्षे गेली. स्वतःच्या नावावर मोठमोठे शोध लावत बसणाऱ्यांतले ते नव्हते.

पण या काळातले एक काम पुणेकरांनी लक्षात ठेवावे असे आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी तेव्हा बंगालचे खाल-बिल गिळत होती. नुसती मुळे-धुमारे तोडून ती हटेल का, की ती बियांनीही वाढते? हा प्रश्न पैशांचा होता, कारण बी तळाशी पडून राहत असेल तर एकदा काढून भागणार नाही. आघारकर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने जलपर्णीचे परागण आणि बी धरणे यांचा अभ्यास करून १९३० मध्ये निबंध छापला. जगभरातले जलपर्णीचे अभ्यासक आजही त्याचा उल्लेख करतात. आपल्याकडे दर उन्हाळ्यात मुळा-मुठेतली जलपर्णी यंत्राने उपसली जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिसते. त्याचे एक कारण त्या बियांत आहे. त्या अनेक वर्षे तळाच्या गाळात जिवंत राहू शकतात.

पुण्यात संस्था कशी उभी राहिली?

निवृत्तीनंतर बहुतेक जण थांबतात. आघारकरांनी ६१व्या वर्षी नव्याने सुरुवात केली. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली आणि ते तिचे संस्थापक संचालक झाले. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कोलकात्यात काढलेल्या विज्ञान संस्थेचे इंग्रजी नाव आणि हिचे इंग्रजी नाव जवळजवळ सारखे आहे. बंगालमध्ये पाव शतक काढलेल्या माणसाला तशी जागा महाराष्ट्रात असावी असे वाटले, यात नवल नाही.

सुरुवातीला संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. सरकारी प्रयोगशाळांचे युग नुकते सुरू होत होते आणि ही होती लोकांच्या सभासदत्वावर उभी राहू पाहणारी संस्था. दिल्लीत मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांची घोषणा होत असताना पुण्यात एक निवृत्त प्राध्यापक वर्गणी आणि खोल्या जमवत होता. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते संचालकपदी होते. १९९२ मध्ये विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. आज ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालची स्वायत्त संस्था आहे.

शेतकऱ्यांना ती वेगळ्या कारणाने माहीत आहे. गहू आणि सोयाबीनचे ‘एमएसीएस’ हे शब्द लागलेले वाण इथले. रसासाठीची एआरआय-५१६ ही द्राक्षाची जात इथली. संस्थेचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. म्हणजे भाटघरला, भोर तालुक्यात अडवलेले पाणी ज्या शिवारांत जाते, त्याच पट्ट्यात आघारकरांच्या संस्थेचे गहू वाढतात. पुण्यात बसून हे लिहिताना मला ही जोडणी आधी माहीत नव्हती, नकाशा उघडल्यावर दिसली.

ही जेलीफिश दिसते कधी आणि कुठे?

लिम्नोक्निडा इंडिकाच्या पुढच्या नोंदी कृष्णा खोऱ्यापुरत्या राहिल्या नाहीत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या, अरबी समुद्राकडे वाहणाऱ्या पाण्यातही ती मिळाली. जलविभाजक ओलांडून एकच प्राणी दोन्ही बाजूंना असणे, हे पसरण्याच्या प्रश्नात महत्त्वाचे आहे.

दरम्यान नद्या बदलल्या. कोयनेवर धरण झाले आणि खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वेण्णेवर मेढ्याच्या खालच्या अंगाला कण्हेर धरण आले. भोर-वेल्ह्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी. जिथे पूर्वी उन्हाळ्यात उथळ डोहांची माळ असायची, तिथे वर्षभर खोल फुगवटा आहे, आणि धरणाखाली आवर्तन सोडले की भर एप्रिलमध्ये पाणी वाहते. ऋतूवर आयुष्य बांधलेल्या जिवासाठी हा मोठा बदल. वाळू आणि गोटे उपसले गेले, तर पॉलिप ज्या दगडांना चिकटायचे ते दगडच जातात.

तरीही धरणांच्या वरच्या अंगाला मोकळे प्रवाह आहेत. पाहायचे असेल तर मार्चअखेर ते मे, पाणी निवळ आणि स्थिर असताना, उन्हाच्या वेळी डोहाच्या काठावर बसावे लागते. पाण्याच्या वरच्या थरात नाण्याएवढी पारदर्शक छत्री आकसताना दिसली, तर ती बाटलीत भरून आणू नये. माणसाच्या कातडीला तिच्या डंखाचा सहसा त्रास होत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घेताना मागे काळा खडक येईल असा कोन धरला तर कडेची तंतूंची झालर उठून दिसते. मधला देठासारखा, तोंडाचा भाग आखूड आणि रुंद असेल तर लिम्नोक्निडा, लांब लोंबता असेल तर क्रास्पेडाकस्टा, हा ढोबळ फरक तेवढ्यावरून कळतो. व्हिडिओबरोबर गावाचे नाव, नदी आणि तारीख लिहून ठेवा. आघारकर आणि ग्रेव्हली यांच्या १९१२च्या नोंदीतही मुख्य माहिती तीच होती.